गोठलेल्या जमिनीवरील लोहमार्ग

वैशाखांतील उन्हानें काळ्या रानाला भेगा पडतात, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच असेल. मृगाचा पाऊस पडला म्हणजे त्या मिटतात. तिबेटच्या पठारावर मात्र जमीन थंडीनें फाटते, आणि ती फट मिटण्याऐवजीं वर्षानुवर्षें रुंदावत जाते. अशा भूमीवरून चिनी इंजिनियरांनीं गोलमुडपासून ल्हासापर्यंत ११४२ किलोमीटरांचा लोहमार्ग नेला. तो १ जुलै २००६ रोजीं सुरू झाला. तांगुला खिंडींत त्याची उंची ५०७२ मीटर आहे.

या मार्गापैकीं सुमारें ५५० किलोमीटरांखालील जमीन बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यांत फक्त वरचा थर वितळतो. कडक हिवाळ्यांत ही जमीन आकसून तडकते. पुढें वितळलेलें पाणी फटींत उतरतें व खालच्या थंडीनें पुनः गोठतें. बर्फाची ती पाचर आंत बसल्यावर फट मिटणार कशी?

मार्गाच्या भरावाला पडणारी भेग याहून निराळी. भरावाची उन्हाकडील बाजू अधिक तापते, तिच्याखालचा बर्फ अधिक वितळतो, ती बाजू खचते, आणि माथ्यावर रुळांना समांतर चीर पडते. चिरेंतून मुरणारें पाणी उष्णता आंत नेतें व खचणें वाढवितें.

तेव्हां येथें पाया मजबूत ठेवणें म्हणजे तो थंड ठेवणें होय. कांहीं ठिकाणीं भरावांत फोडलेल्या दगडांचा थर घातला आहे. हिवाळ्यांत जड, थंड हवा दगडांमधील पोकळ्यांतून खालीं उतरते व आंतील ऊब वर निघून जाते. उन्हाळ्यांत हलकी, गरम हवा वरच राहते. अन्यत्र मार्गाच्या कडेला बंद नळ्या रोविल्या आहेत. त्यांच्या तळाशीं असलेला द्रवरूप अमोनिया जमिनीची उष्णता घेऊन वाफ होतो, वरच्या थंड हवेनें पुनः द्रव होतो आणि खालीं ओघळतो. उन्हाळा लागतांच हें चक्र आपोआप थांबतें. ना इंजिन, ना कोळसा! वर्गांत शिकविलेलें बाष्पीभवन एवढें मोठें काम करितें, याचें आम्हांस फार कौतुक वाटतें. जेथें जमीन फारच नाजूक, तेथें खोल खांबांवर पूलच बांधले. छिंगश्वे नदीजवळचा असा पूल ११ किलोमीटरांहून अधिक लांब आहे.

भूकंपाचें गणित मात्र उलटें. काम सुरू होऊन पुरते पांच महिने झाले नव्हते, तोंच १४ नोव्हेंबर २००१ रोजीं कुनलुन पर्वतांत ७.८ महत्तेचा भूकंप झाला. सुमारें ४०० किलोमीटर जमीन फाटली, आणि ही चीर लोहमार्गाच्या वाटेला आडवी गेली. ज्या रेषेवर खडक तुटून सरकतात, तिला भ्रंशरेषा म्हणतात. तिच्या दोन बाजू कित्येक जागीं कांहीं मीटर सरकल्या. असें सरकणें कोणता पूल सोसेल? ८ जानेवारी २०२२ रोजीं त्याच छिंगहाय प्रांतांत मेनयुआन येथें भूकंप झाला, तेव्हां दुसऱ्या एका, शीघ्रगति लोहमार्गाचा बोगदा भ्रंशरेषेवर मोडला व जवळच्या पुलाचीही नासधूस झाली.

म्हणून जागृत भ्रंशरेषा ओलांडतांना साधा, ठेंगणा भराव बरा मानितात. तो फाटला तरी माती-खडी टाकून लवकर सांधतां येतो. परंतु ठेंगण्या भरावांतून उन्हाची ऊब गोठलेल्या थरापर्यंत लवकर पोंचते! बर्फ राखावयास भराव उंच हवा, भूकंपासाठीं ठेंगणा. हा तोल जागोजागीं नव्यानें साधावा लागतो. शिवाय पठाराची हवा आतां हळूहळू उष्ण होत आहे. त्यामुळें मार्गाची राखण करणाऱ्यांस बोटाएवढी चीर दिसली तरी ती पाणी मुरण्यापूर्वींच बुजवावी लागते.