ऐधाबच्या पुढे

चि. ओंकार,

दुबईत माल मनासारखा मिळाला नाही, म्हणून तसाच पुढे मोम्बासाला निघालास, असं तुझ्या आईकडून कळलं. जाऊ नको म्हणत नाही. पण आधी डेव्हिडबद्दल थोडं ऐक.

ज्यू धर्मशास्त्राचा थोर पंडित मोझेस मायमोनिडीस याचा हा धाकटा भाऊ, जवाहिऱ्या. ११७० च्या सुमारास तो इजिप्तहून निघाला. नाईलकाठच्या कूसपासून तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरापर्यंत नुसतं वाळवंट. काफिल्यातून वेगळा होऊन एका सोबत्याबरोबर त्याने ते पार केलं. नंतर कळलं, काफिला लुटला गेला. माणसं जखमी झाली, काही तहानेने मेली. एवढं करून ऐधाबला घेण्याजोगी फक्त नीळ! मग त्याने हिंदुस्थानची वाट धरायचं ठरवलं आणि भावाला कळवलं, की बायकोला धीर दे. वाळवंटात ज्याने तारलं तोच समुद्रातही तारील. ते पत्र आज केंब्रिजला आहे.

डेव्हिड बुडाला. त्याच्यासोबत त्याचा, भावाचा आणि परक्यांचाही पैसा गेला. मागे विधवा आणि लहान मुलगी. मोझेस वर्षभर अंथरुणाला खिळला, आणि आठेक वर्षांनंतरही त्याचं दुःख ओसरलं नव्हतं.

त्याच्या धाडसाला मी नावं ठेवणार नाही. वाळवंटातून निभावलो ते नशिबाने, हे तो विसरला, एवढंच मला खटकतं. त्या काळचे मुरलेले ज्यू व्यापारी (त्यांच्या पत्रांत आपलं ठाणंही येतं बरं का) माल चार जहाजांवर वाटून चढवत, पत्रांच्या नकलाही वेगवेगळ्या जहाजांनी धाडत. मंगळूरला राहून मिरी आणि लोखंड एडनला पाठवणाऱ्या अब्राहम बेन यिजूचा माल घेऊन निघालेलं जहाजही बाब-अल-मंदेबजवळ बुडालं. मिरी सगळी गेली. लोखंड मात्र पाणबुडे लावून निम्मंअर्धं वर काढलं. तो फटका त्याने पचवला.

तर मागच्या खेपेला उधारी वेळेवर वसूल झाली, म्हणून याही वेळी होईल असं धरून चालू नकोस. रिकाम्या हाताने परतायची लाज वाटते म्हणून जात असशील, तर खुशाल परत ये. गेलासच, तर स्वतःच्या पैशावर जा. मावशीचे आणि तुझ्या मित्राचे पैसे दुबईतूनच त्यांच्या खात्यात परत भर. मावशी रागावेल, तिला मी बघून घेईन.

तुझा,
नानामामा