चित्राला आणि गाण्याला गुण कसे द्यावेत?

प्रश्न : मी विश्रांतवाडीतील एका शाळेत सातवीला चित्रकला आणि संगीत शिकवते. वर्गात 55 मुले आहेत. प्रत्येकाची प्रगती कशी नोंदवू? – एक शिक्षिका

उत्तर : राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात कला विषयाला संकलित चाचणी नाही. सगळे मूल्यमापन आकारिकच. म्हणजे एका दिवसाच्या चित्रावर श्रेणी ठरवायची नाही. वर्षभराची वाटचाल पाहायची.

प्रत्येक तासाला सहाच मुलांची नोंद करा. दहा तासांत वर्ग पूर्ण होतो. चित्रावर तारीख घाला आणि जूनचे चित्र जपून ठेवा. समजा, एका मुलीच्या जूनच्या चित्रात झाड घराशेजारी सुटे उभे होते, डिसेंबरमध्ये त्याची फांदी छपरावर आली. म्हणजे तिला पुढचे-मागचे दिसू लागले. वर्णनात्मक नोंदीत नेमके हेच लिहा. 'चित्र छान काढते' यातून काहीच कळत नाही.

संगीतात स्वर, ताल आणि सहभाग वेगवेगळे पाहा. दादऱ्याच्या सहा मात्रा टाळीवर धरता येणारे मूल बेसूर असले, तरी तालात पुढे आहे. आवाज फुटू लागलेल्या मुलाला खालची पट्टी द्या, त्याचे गुण कापू नका.

चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट किंवा संगीताच्या गांधर्व परीक्षा ज्यांना हव्यात त्यांनी जरूर द्याव्यात. पण वर्गातली श्रेणी त्यावरून ठरवू नका. मुलाची तुलना त्याच्या कालच्या कामाशीच व्हावी.