दिवाळीनंतर निघून जाणारी मुले



ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ठाणे-मुंबईकडचे आपले ईस्ट इंडियन बांधव आगेरा साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणल्या जातात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि देवाचे आभार मानून नवे पीक घरात येते. आदिवासी पाड्यांवरही रीत तीच: नवे धान्य आधी देवाला, मग माणसांना. त्याच सुमारास शहापूर तालुक्यातल्या आपल्या मिशनच्या प्राथमिक शाळेत मुलांची आरोग्य तपासणी असते. मी डोंबिवलीची, निवृत्त परिचारिका. दर गुरुवारी कसारा लोकलने आसनगावला उतरते आणि तिथून शाळेत जाते. या वेळच्या पाठात शरद ऋतूत शाळेत काय दिसते, आमचे कुठे चुकले आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते सांगते.

तपासणी शरदातच का?

शहरात आपण या दिवसांना ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून मोकळे होतो. पाड्यावर मात्र भाद्रपद-आश्विन हे ओढीचे महिने. गेल्या वर्षीचे धान्य संपत आलेले, नवे भात अजून शेतात. मुलाचे वजन बहुधा याच दिवसांत घटलेले दिसते. पाऊस उघडला तरी डबकी राहतात, म्हणून मलेरिया आणि डेंग्यूचा जोर असतो. चिखलात अनवाणी वावरल्याने लेप्टोची भीती. पावसाळाभर ओल्या कपड्यांत दाटीवाटीने झोपल्यामुळे खरूज घरभर पसरलेली. कापणीच्या दिवसांत सर्पदंशाचा धोका तर मोठ्यांनाही असतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यातच मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. आई-बापांबरोबर मुलेही जातात, ती थेट पाऊस तोंडावर आल्यावर परततात. म्हणजे आगेरा ते दिवाळी एवढेच आठवडे आपल्या हातात असतात.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी तिसरीतल्या एका मुलीचे हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघाले. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत ते ११.५ च्या खाली असले तर रक्तक्षय समजतात, आणि आठच्या खाली गेले तर तो गंभीर. डॉक्टरांनी दोन महिने रोज लोहाच्या गोळ्या आणि मग पुन्हा तपासणी सांगितली. मी वहीत सगळे नीट लिहिले. दिवाळीच्या सुट्टीनंतर गुरुवारी गेले, तर तिची जागा रिकामी.

जूनमध्ये ती परत आली तेव्हा जिना चढताना धापा टाकत होती. हिमोग्लोबिन आठच्याही खाली गेले होते. मी तिच्या आईला जरा रागानेच विचारले, “गोळ्या का बंद केल्या?”

ती म्हणाली, “सिस्टर, गोळ्या सरल्या. तिकडं डाक्टरकडं नेली, तर तो इचारतो काय आजार, काय औषध. आमाला काय सांगता येतंय?”

भट्टी कुठे होती म्हणून विचारले, तर कल्याणच्या पलीकडे, माझ्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर. सहा महिने ती मुलगी माझ्या जवळ होती आणि तिच्या आजाराची नोंद शहापूरला शाळेच्या कपाटात, माझ्याच अक्षरात, बंद होती. औषध होते, डॉक्टर होते, नोंदही होती. फक्त ती नोंद मुलीबरोबर गेली नव्हती. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार मिळाले आणि ती सावरली, ही देवाची कृपा.

शास्त्रपाठ: लूक १०:२५-३७

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्याला कळवळा आला, त्याने जखमा बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले. आपले प्रवचन बहुधा इथेच थांबते. पण दाखला पुढे जातो. दुसऱ्या दिवशी शोमरोन्याला पुढे जायचे असते. तो उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दिनार देतो, जखमी माणसाला त्याच्यावर सोपवतो आणि परत येऊन उरलेला खर्च भागवीन असे सांगतो.

सेवेचे हे दुसरे अर्धे आम्ही विसरलो होतो. पट्टी बांधणे आम्हाला जमत होते, सोपवणे जमत नव्हते. आपल्या नजरेआड गेलेल्या माणसाची काळजी कोण घेणार, हे ठरवून देणे हादेखील करुणेचाच भाग आहे.

आता आम्ही काय करतो

आता प्रत्येक मुलाचे एक जाड कार्ड असते, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले. एक प्रत शाळेत, दुसरी आईच्या हातात. त्यावर पाच गोष्टी असतात: वजन-उंची, हिमोग्लोबिन, लसी, सिकल सेल तपासणीचा निकाल, आणि चालू असलेले औषध व पुढच्या तपासणीचा महिना. आईला वाचता येत नसेल तर औषधाच्या ओळीपुढे सूर्य किंवा चंद्र काढतो: सकाळची गोळी, रात्रीची गोळी.

सिकल सेलची नोंद विशेष महत्त्वाची. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी समाजांत अधिक आढळतो. १ जुलै २०२३ रोजी सरकारने त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून २०४७ हे उद्दिष्टाचे वर्ष ठरवले आहे. या आजाराच्या मुलाला केवळ रक्त कमी दिसते म्हणून लोहाच्या गोळ्या देत राहणे योग्य नसते. ते डॉक्टरांनीच ठरवायचे. शिवाय उन्हात राबणे आणि पाणी कमी पिणे यांमुळे अशा मुलाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. भट्टीवर नेमके ऊन आणि कष्टच असतात. त्या मुलाच्या कार्डावरची ती एक ओळ तिथल्या डॉक्टरांना योग्य वाट दाखवते.

सरकारी योजनांशी आम्ही स्पर्धा करत नाही, त्यांचा हात धरतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरहून, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातून. त्याचे पथक आले की आमची कार्डे त्यांच्यापुढे असतात. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी आणि ठरलेल्या दिवशी जंताची गोळी सरकारकडूनच मिळते. मूल ती गिळते की नाही, एवढे पाहणे आमचे काम.

पालकसभेत आहाराचे बोलतो तेही त्यांच्याच चुलीतले. पोळी-भाजीबरोबर चहा दिला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. त्याऐवजी जेवणात लिंबू किंवा आवळा असला तर ते अधिक लागते, आणि आवळा याच दिवसांत येऊ लागतो. सुकट, खेकडे, शेवग्याचा पाला, हे पाड्यावरचे अन्न कमी प्रतीचे नाही, हे आयांना आवर्जून सांगतो.

मुलाच्या मागे जाणारी शाळा

हा विचार आपल्या भागाला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबाडला नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली, शाळाच कुरणावर नेली. पुढे नव्वदच्या दशकात विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरचे मजुराचे खोपटे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही दुसऱ्या शाळेत जाण्याचा मुलाचा हक्क मान्य केला आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा मुलाच्या मागे जाऊ शकते, तर आरोग्याची नोंद का नाही?

तुमचा वाटा

कल्याण, टिटवाळा, भिवंडी, अंबरनाथ या भागांत भट्ट्या आहेत. तुमच्यातले अनेक जण त्यांच्याजवळून रोज ये-जा करता. पाड्यावर जाणे सर्वांना जमणार नाही, पण पाडाच सहा महिने तुमच्या धर्मग्रामाच्या वेशीवर येतो. दिवाळीनंतर आम्ही कोणते कुटुंब कुठे गेले याची यादी करतो. पालकांची हरकत नसेल तर जवळच्या धर्मग्रामातल्या एका घराला एक कुटुंब सोपवतो. त्या घराने महिन्यातून एकदा भेटायचे, कार्ड पाहायचे, तपासणीचा महिना असेल तर मुलाला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे आणि निकाल कार्डावर लिहून घ्यायचा. औषध आपण ठरवायचे नाही. खाऊ न्यायला हरकत नाही, पण कार्ड विसरू नका.

सगळेच नीट जमते असे नाही. काही कार्डे भिजतात, काही हरवतात, काही कुटुंबे भट्टी बदलतात. तरीही गेल्या जूनमध्ये एक आई शाळेच्या दारात आली, पदराच्या गाठीतून कार्ड काढले आणि म्हणाली, “सिस्टर, बघा, तिकडच्या बाईनं लिवलंय.” डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल, तिन्ही नोंदी होत्या. अक्षर माझे नव्हते, याचाच मला जास्त आनंद झाला.

मनन आणि चर्चेसाठी

१. मी मदत केलेले एखादे माणूस माझ्या नजरेआड गेल्यावर त्याचे काय झाले, याची चौकशी मी केली का?

२. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत किंवा जवळ दिवाळीनंतर कोण राहायला येते? त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात?

३. आगेऱ्याला आपण पिकाचा पहिला वाटा देवाला देतो. आपल्या वेळेचा असा कोणता वाटा आपण या मुलांसाठी काढू शकतो?

प्रभो, जी लेकरे आमच्या हातून पुढे जातात, त्यांना सांभाळणारे हात वाटेत उभे कर. आणि ते हात आमचेच असतील, तर आम्हाला घरातून उठव. आमेन.