दिवसभराची डोंगरफेरी : आधी हिशेब, मग चाल

पावसाळा सरला की सह्याद्रीच्या डोंगरधारांवर सहली सुरू होतात. रानातून धारेवर चढायचे आणि दुसऱ्या सोंडेने उतरून पायथ्याच्या त्याच गावी यायचे, अशी फेरी अनेकांना आवडते. मात्र अशा वाटेवर अर्धे अंतर ओलांडल्यावर मागे फिरून काहीच वाचत नाही. कोणाला धाप लागत असेल, चक्कर येत असेल, तर अर्ध्याच्या आतच परतावे.

वेळेचा हिशेब सोपा आहे. सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास धरावा. १५ किलोमीटरची वाट व ६०० मीटर चढ म्हणजे चार तास. मुले, वयस्कर व विश्रांती धरून सहा. सकाळी सातला निघाल्यास दुपारी एकला खाली येता येते.

पाणी माणशी किमान ३ लिटर घ्यावे. त्यातील एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे.

चालणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर घाम येत असला तरी उष्माघात समजावा. त्याला सावलीत निजवून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर कळवावे. शुद्ध नसल्यास तोंडाने काही देऊ नये.

हृदयविकार, रक्तदाब वा मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. निघताना वाट आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवावी.