जुन्या मोटारीचा वॉशर पंप : उघडण्याआधी

पुढच्या काचेवर पाणी उडवणारे पंप जुन्या मोटारींत तीन प्रकारचे आढळतात. एक हाताने किंवा पायाने दाबायचा, दुसरा हवेच्या दाबावर चालणारा आणि तिसरा विजेचा. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली खासगी मोटार विंटेज म्हणून नोंदवता येते. त्यामुळे साठच्या दशकातल्या गाड्याही आता या वर्गात येतात, आणि वॉशर पंपाची दुरुस्ती मुख्यतः याच गाड्यांवर निघते.

हातपंपाची रचना सोपी असते. डॅशबोर्डवरचे बटण दाबले की आतला रबरी पडदा किंवा दट्ट्या पाणी पुढे ढकलतो आणि एकमार्गी झडप ते मागे येऊ देत नाही. रबर कडक होणे आणि झडप गळणे हीच दोन दुखणी. झडप तपासायला पंप खोलावा लागत नाही. बाटलीतली नळी पाण्याने भरलेली असताना वर उचलावी. पाणी खाली ओघळले तर झडप गळते आहे. रबरी भागांना साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, नैसर्गिक रबर त्याने फुगते. सिलिकॉन ग्रीस चालते, एरंडेलही चालते.

हवेच्या दाबाची ओळखीची व्यवस्था फोक्सवागन बीटलची. तिच्यात पुढच्या डिकीतल्या स्टेपनीची हवा नळीने पाण्याच्या बाटलीत येते आणि पाण्याला वर ढकलते. मोटर नाही, वायर नाही. पण बाटलीचे झाकण हवाबंद हवे आणि स्टेपनीत नेहमीपेक्षा जास्त हवा हवी. इतर बहुतेक गाड्यांत नेमके उलट असते. तिथे झाकणाला बारीक छिद्र असते आणि ते बुजले की बाटलीत पोकळी तयार होऊन पाणी अडते. चांगला पंप बाद ठरवण्याआधी हे छिद्र सुईने मोकळे करून पाहावे.

विजेच्या पंपाबद्दल जास्त सांगण्यासारखे आहे, कारण नुकसानही तिथेच जास्त होते. ब्रिटिश गाड्यांवरच्या ल्यूकस पद्धतीच्या पंपात छोटी मोटर बाटलीच्या टोपीवर बसते. तिच्यात कायमचुंबक असते, आणि तिच्या दांड्याला जोडलेला इम्पेलर पाणी वर फेकतो. कायमचुंबकी मोटरचा एक गुणधर्म नेहमी ध्यानात ठेवावा लागतो : दोन तारा उलट जोडल्या की ती उलटी फिरते. अशा पंपात उलट्या फिरण्याने पाणी मागे ओढले जात नाही. ते पुढेच जाते, फक्त जोर राहत नाही.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव याच गुणधर्माचा आहे. साठच्या दशकातल्या एका ब्रिटिश सलूनचे बटण दाबले की मोटरची घरघर स्पष्ट ऐकू येई, पाणी जेटपर्यंत चढे आणि बॉनेटवर ओघळे. काचेवर एक थेंबही जात नसे. पंप झिजला असे गृहीत धरून टोपी उघडायला घेतली. तिसरा स्क्रू गंजलेला होता. पेचकसावर जोर पडताच ते जुने ठिसूळ प्लास्टिक स्क्रूच्या भोकापासून टर्मिनलपर्यंत तडकले. आत कार्बन ठीक होते, कम्युटेटर स्वच्छ होता, इम्पेलर हाताने सहज फिरत होता. गाडी मूळची पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली. आधीच्या मालकाने डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवताना ती निगेटिव्ह अर्थ करून घेतली होती, पण पंपाच्या तारा तशाच राहिल्या होत्या. दोन तारांची अदलाबदल एवढेच काम होते. ते झाले आणि पाणी काचेच्या वरच्या कडेपर्यंत गेले. टोपीचा तडा मात्र एपॉक्सीने सांधावा लागला.

तपासणीचा क्रम यावरून ठरतो. आधी पाणी, मग वीज आणि सर्वांत शेवटी पंप. पंपाच्या तोंडावरची नळी काढून बटण दाबावे. तिथे जोरदार धार आली तर दोष पुढे, नळीत किंवा जेटमध्ये आहे. जेटचे भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते, त्यात क्षार सहज अडकतो. तो गिटारच्या बारीक तारेने काढावा. जाड सुई भोक मोठे करते आणि मग फवारा कायमचा मंदावतो. धार आलीच नाही किंवा तिला जोर नसला तर बटण दाबून ठेवून मोटरच्या दोन टर्मिनलवर मल्टिमीटर लावावा. वीज पोहोचत नसेल तर दोष स्विच, वायर किंवा अर्थचा. वीज आहे आणि घरघरही आहे, तर तारा उलटून पाहाव्यात. वीज असून मोटर गप्प असेल तरच पंप उघडावा.

जुनी नळी ओढून काढू नये. ओढल्यास नळी निघते आणि सोबत टोपीचे तोंडही निघते. ब्लेडने तिला लांबीच्या दिशेने चीर द्यावी किंवा तिच्यावर गरम पाण्यात भिजवलेले फडके काही मिनिटे धरावे. क्षाराने अडकलेला इम्पेलर पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून मोकळा होतो. बाथरूम धुण्याचे ॲसिड इथे वापरू नये, ते जस्ताच्या ओतीव भागांना खाते. मोटर स्वतः भिजवायची नसते. तिचा कम्युटेटर पेट्रोलच्या फडक्याने पुसावा आणि पेट्रोल पूर्ण उडाल्यावरच वीज जोडावी. चाचणी पाण्यातच घ्यावी, कारण कोरडा फिरवलेला पंप सील जाळतो.

बोअरवेलचे पाणी बाटलीत घालू नये. दख्खनच्या पठारावर ते बहुतेक ठिकाणी जड असते आणि सगळा क्षार पुन्हा तिथेच साचतो. डिस्टिल्ड पाणी घालावे. साबणाची पूड टाळावी, ती वाळून जेट बुजवते.

शेवटची विनंती मालकांना आहे. गाडीची अर्थ बदलून घेतली असेल तर बॅटरीजवळ तसे लिहिलेली ठळक पट्टी लावावी आणि पंपाच्या तारा त्याच दिवशी बदलाव्यात. गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला दुसरीकडे कुठे ही नोंद सापडणार नाही.