रक्तगट आणि रक्त गोठवणारा ‘घटक ८’

रक्तपेढीत काम करताना मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो : “ओ निगेटिव्ह रक्त सर्वांना चालते, म्हणजे त्यातला प्लाझ्माही सर्वांत चांगला असणार ना?” तसे नाही. ओ निगेटिव्हचा मान तांबड्या पेशींसाठी आहे. प्लाझ्माचा हिशेब वेगळा.

पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा. रक्त गोठवणारी प्रथिने त्यातच असतात. ‘फॉन विलेब्रँड’ नावाचे प्रथिन ‘घटक ८’ला रक्तात सांभाळून ठेवते. ए, बी आणि एबी गटांत या प्रथिनावर त्या त्या गटाची साखर जडलेली असते. ओ गटात ती नसते, आणि प्रथिन रक्तातून लवकर नाहीसे होते. त्यामुळे ओ गटात त्याची पातळी सरासरी २५ टक्क्यांनी कमी असते. घटक ८ही कमी भरतो.

डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईतून जगापुढे आणलेल्या ‘बॉम्बे’ गटात तर ओ गटातली मूळ ‘एच’ साखरही नसते. तिथे हे प्रथिन ओपेक्षाही कमी आढळले आहे.

याचा आपल्याशी संबंध काय?

पहिले, हिमोफिलिया ‘ए’च्या रुग्णांसाठी. गोठवलेला प्लाझ्मा थंडाव्यातच हळूहळू वितळवून मिळणारा साका म्हणजे क्रायोप्रेसिपिटेट. ओ दात्याच्या पिशवीत घटक ८ सरासरीने कमी उतरतो. कारखान्यात तयार झालेल्या घटक ८च्या कुपीवर मात्र युनिट छापलेले असतात. तिथे दात्याच्या गटाची चिंता नको. सुट्टीत गावी जाताना डॉक्टरांच्या सल्ल्याने पुरेशा कुप्या व पत्र बरोबर ठेवावे.

दुसरे, तपासणीबाबत. वारंवार घोळणा फुटणाऱ्या मुलाची किंवा पाळीत अति रक्तस्राव होणाऱ्या मुलीची पातळी किंचित कमी आली आणि गट ओ असला, तर लगेच आजाराचा शिक्का मारू नये. ताप, ताण, गरोदरपण यांत पातळी वाढते, म्हणून चाचणी पुन्हा करावी लागते. पण रक्तस्राव खरोखर जास्त असेल, तर “ओ गटामुळे असेल” म्हणून दुर्लक्षही करू नये. रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावे.

शेवटी दात्यांसाठी. एबी गटाचा प्लाझ्मा अडचणीच्या वेळी कोणालाही देता येतो. तेव्हा “आमचा गट दुर्मीळ नाही” किंवा “आमचे रक्त थोड्यांनाच चालते” म्हणून मागे राहू नका. दुबईत लतीफा हॉस्पिटलच्या आवारातील रक्तदान केंद्राला सर्वच गट हवे असतात.