मोहरी आणि पिवळा धोतरा

रब्बी हंगामात मोहरीच्या शेतात, तसेच गव्हात मोहरीच्या ओळी टाकल्या असतील तेथे, पिवळ्या फुलांचे एक काटेरी तण पुष्कळदा आढळते. यास पिवळा धोतरा म्हणतात. काही भागांत बिलायत हे नाव रूढ आहे. नावात धोतरा असला तरी खऱ्या धोतऱ्याशी त्याचे नाते नाही. ही वनस्पती अफूच्या कुळातील असून मूळची मेक्सिकोकडील आहे. मोहरी ही कोबी व मुळा यांच्या कुळातील होय. दोहोंचे बी एका खळ्यावर मिसळले, तर मात्र प्रसंग माणसाच्या जिवावर बेततो.

उभ्या पिकात ओळख पटविणे मुळीच कठीण नाही. पिवळ्या धोतऱ्याच्या पानांच्या कडांना काटे असतात, शिरांलगत पांढुरके पट्टे दिसतात आणि देठ मोडताच पिवळा चीक वाहू लागतो. मोहरीस असा चीक नसतो. मोहरीच्या लहान फुलास 4 पाकळ्या व 6 पुंकेसर असतात; धोतऱ्याचे फूल बरेच मोठे, पाकळ्या बहुधा 6 व पुंकेसर पुष्कळ. मोहरीस बारीक लांबट शेंग येते, तर धोतऱ्यास काटेरी बोंड येते व ते पिकल्यावर टोकाशी उकलते.

खरी अडचण मळणीनंतर येते. दोन्ही बिया आकाराने इतक्या जवळच्या, की चाळणीने त्या पूर्णपणे वेगळ्या होत नाहीत. मूठभर बी पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात पाहावे. मोहरीचा दाणा गोल व गुळगुळीत दिसतो. धोतऱ्याचा अधिक काळा, खरबरीत व जाळीदार. दाणा चिरडला असता मोहरी आतून पिवळी, तर धोतरा पांढरा निघतो.

धोतऱ्याच्या तेलातील सँग्विनरीन हे विष नेहमीच्या तळण्याने नाहीसे होत नाही. असे तेल खाण्यात राहिल्यास दोन्ही पायांवर सूज येते, धाप लागते, हृदय दुर्बल होते. डोळ्यांतील दाब वाढून दृष्टीही धोक्यात येते. हा रोग संसर्गजन्य नव्हे. एका घरातील अनेकांना तो एकदम होतो, कारण सर्वांच्या अन्नात तेल एकच असते. 1998 साली दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे याची मोठी साथ उद्भवली व अनेक माणसे दगावली. ग्रामसेवकांस एकाच कुटुंबात अशी सूज आढळल्यास त्यांनी ते तेल त्वरित बंद करवावे, थोडे तेल तपासणीसाठी राखून ठेवावे व रोग्यांस दवाखान्यात पाठवावे.

हे तण केवळ बियांपासून वाढते. म्हणून फुलोऱ्यापूर्वीच ते खुरप्याने मुळासकट काढावे. बांधावरील व पाटाकडेची झाडेही सोडू नयेत. बोंडे धरलेली झाडे शेणखताच्या खड्ड्यात टाकल्यास बी खताबरोबर पुन्हा शेतात पोचते, तेव्हा ती वेगळी वाळवून जाळावीत. कापणीच्या वेळी मजुरांना झाड दाखवून ठेवावे. शंकास्पद बी घाण्यावर नेऊ नये, पेरणीसही ठेवू नये.